व्हिसाचा फोटो

केजला माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे. व्हिसाच्या फोटोत हसलेलं चालत नाही, म्हणून "कान दिसू द्या, दात नको," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दुष्काळाच्या साली सहकारी कारखान्याचे संचालक परदेश बघायला निघाले. फोटोला बसले, पण हसू काही आवरेना. फोटोग्राफरनं खिडकी उघडली. बाहेर टँकरभोवती बाया घागरी घेऊन भांडत होत्या.

"तिकडं बघा, सायेब."

चेहरे पडले. फोटो नियमात बसले.

पुढं निवडणुकीच्या पोस्टरवर तेच फोटो लागले. लोक हळहळले, "लई काळजी हाय बिचाऱ्यांला." सगळे निवडून आले.

परवा त्याच्या स्टुडिओत बसलो असताना मी म्हणालो, "लई उकडतंय बे, खिडकी उघड की."

"न्हाई," तो म्हणाला. "एकदा उघडलती, तेवढी बास झाली."