अण्णांच्या हातातलं स्टिअरिंग

आमचे अण्णा ट्रक चालवायचे. माजलगावची साखर आणि गेवराईकडचा कापूस पोचवण्यात त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर त्यांना सगळे ओळखायचे. नवा क्लीनर आला की जुने ड्रायव्हर त्याला अण्णांकडं बोट दाखवून सांगत, "ह्या माणसाच्या गाडीखाली कधी कोंबडीबी आली न्हाई." अण्णा स्वतः हे कधी बोलत नसत. पण कुणी बोललं की चहाचा कप खाली ठेवून जरा ताठ बसत.

मग त्यांच्या डाव्या पायावरून वारं गेलं. हात शाबूत राहिले, नजर शाबूत राहिली, पण क्लच दाबणारा पायच लुळा पडला. ट्रक विकला. ढाब्यांच्या जवळच, हायवेच्या कडेला आमचं घर. तिथं ओट्यावर बसून ते दिवसभर गाड्या बघत. कुठल्या गाडीचा कोणता गिअर घसरतोय हे ते आवाजावरून ओळखायचे.

मी तेव्हा बीडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी आले होते. त्या वर्षांत गावोगाव रंगीत टीव्ही आणि केबल पोचली होती, त्यामुळं दुरुस्तीला तोटा नव्हता. घराच्या पुढच्या खोलीतच मी टेबल मांडलं. पोरगी टीव्ही उघडते हे बघायला सुरुवातीला माणसं यायची, नंतर टीव्ही घेऊन यायला लागली.

धाकटा भाऊ मस्कतला फिटर होता. एकदा सुट्टीवर येताना त्यानं एका गोऱ्या साहेबाची जुनी रिमोटची गाडी आणली. खेळणं म्हणावं तर लाज वाटावी एवढी मोठी. दीड हात लांब, उंच, आणि एकेक चाक सोललेल्या नारळाहून मोठं. रिमोटला पिस्तुलासारखी मूठ होती, वेगासाठी बोटानं दाबायचा घोडा आणि बाजूला एक छोटं गोल चाक. ते फिरवलं की गाडीची पुढची चाकं वळायची. मूठ डाव्या हातात आणि ते चाक उजव्या हाताच्या बोटांत धरून अण्णा कितीतरी वेळ नुसते बसून राहिले.

"स्टिअरिंग हाय की रे ह्याला," ते भावाला म्हणाले.

फरशीवर गाडी झकास वळायची. पण घराशेजारच्या मुरमाड मैदानात नेली की पुढची चाकं अडून राहायची. अण्णा कडेपर्यंत चाक फिरवायचे आणि गाडी सरळच जायची. चौथ्या-पाचव्या खेपेला आतून करकर आवाज आला आणि वळणंच बंद झालं. भाऊ तोवर परत गेला होता.

मी गाडी उघडली. पुढची चाकं वळवणारी एक छोटी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिचे आतले दाते प्लास्टिकचे होते आणि ते झडले होते. तिथून चाकांपर्यंत जाणारी दांडीही प्लास्टिकची. जोर लागला की ती धनुष्यासारखी वाकायची. भावाला फोन करून सांगितलं. त्यानं गावाकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर धातूच्या दात्यांचा, दुप्पट ताकदीचा सर्व्हो पाठवला. दांडी मी बीडच्या लेथवाल्याकडून पोलादाची करून घेतली, दोन्ही टोकांना आटे पाडून. ते सगळं बसवताना अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाविषयी मला विचारायचे.

"स्टिअरिंगला खेळ किती ठिवलास?" त्यांचा प्रश्न.

"थोडा ठेवलाय, अण्णा."

"थोडा पायजेच. लई आवळलं तर ड्रायव्हरला रस्ता कळत न्हाई."

टेबलावर गाडी उचलून धरली आणि चाक फिरवलं, तर पुढची चाकं झटक्यात वळली. मला फार आनंद झाला. मग मी ती चाकं हातानं दाबून धरली, मुरमात अडकल्यासारखी, आणि पुन्हा रिमोट फिरवला. गाडी क्षणभर थरथरली आणि मुकी झाली. रिमोटचं काहीच ऐकेना. चाकं सोडल्यावर पुन्हा शुद्धीवर आली.

हे काय झालं ते मला लगेच कळलं. दांडगा सर्व्हो जोर लावताना गाडीच्या एकुलत्या बॅटरीतली वीज ओढून घेत होता आणि रिमोटचे हुकूम झेलणारा रिसीव्हर उपाशी पडत होता. सर्व्होला स्वतंत्र बॅटरी द्यायला हवी होती. पेन्सिल सेल घरात होते, डबी होती, तासाभराचं काम होतं.

पण अण्णांनी दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता. ढाब्यावरचे दोन-तीन जुने ड्रायव्हर मैदानात येऊन थांबले होते. अण्णा दारातून म्हणाले, "झालं का गं?" आणि मी म्हणाले, "झालं."

आजही तो एक शब्द मला कुठंही आठवतो. भाकरी थापताना, कुणाचा फोन घेताना.

सुरुवात सुंदर झाली. अण्णांनी गाडी मुरमात आठाच्या आकड्यात फिरवली, दगडाला वळसा घातला, मागं घेतली. ड्रायव्हर लोक हसत होते. अण्णांचा लुळा पाय जमिनीवर क्लच दाबल्यासारखा हलायचा प्रयत्न करत होता. ते बघून मी तोंड फिरवलं. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूला, मऊ मातीत, पुढची चाकं जराशी रुतली. अण्णांनी कडेपर्यंत स्टिअरिंग फिरवलं. गाडी थरथरली, मुकी झाली आणि शेवटचा हुकूम मिळाला होता त्याच वेगानं सुसाट सरळ निघाली.

"अण्णा, सोडा," मी ओरडले. त्यांनी घोड्यावरचं बोट केव्हाच काढलं होतं. गाडी ऐकतच नव्हती.

आमच्या वस्तीतला दूधवाला मोपेडला दोन कॅन बांधून ढाब्याकडं चालला होता. गाडी त्याच्या पुढच्या चाकाखाली गेली. तो पडला, कॅन आडवे झाले, दूध डांबरावरून वाहत गटाराकडं गेलं. नशिबानं मागून ट्रक नव्हता. त्याचं उजवं मनगट मोडलं होतं.

बीडला नेऊन प्लास्टर घातलं. जीपमध्ये दूधवाला वेदनेत असूनही अण्णांना म्हणत होता, "जाऊ द्या आण्णा, काय मुद्दाम केलं का तुमी?" अण्णा आपल्या दोन्ही हातांकडं बघत होते.

घरी आल्याबरोबर मी त्यांना सगळं सांगितलं. सर्व्हो, वीज, टेबलावर थरथरलेली गाडी. "मला माहीत होतं, अण्णा. चूक माझी आहे. तुमचे हात बरोबर होते."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?"

"तुमच्या, पण—"

"मंग झालं तर. गाडीला नावं ठिवणारा ड्रायव्हर मी कधी जवळ केला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत ढाब्यावर गेले आणि स्वतः होऊन सगळ्यांना सांगून आले, की माझ्या हातून माणूस पडला. त्यानंतर नव्या क्लीनरांना कुणी ती कोंबडीची गोष्ट सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

दूधवाल्याची बायको धारा काढायची, पण तिला मोपेड येत नव्हती. प्लास्टर निघेपर्यंत मी सकाळी सायकलला कॅन बांधून ढाब्यांना दूध घातलं. त्याची बायको मला चहा दिल्याशिवाय सोडत नसे. कुणीच मला बोल लावत नव्हतं, ते अंगाला काटे टोचल्यासारखं वाटायचं.

मध्ये मी सर्व्होला वेगळी बॅटरी जोडली. गाडी मुरमात, चिखलात, कुठंही वळायला लागली. अण्णांना बोलावून दाखवली. वाटलं, आता तरी पटेल. ते म्हणाले, "बघ, माझ्या हातात न्हाई तर कशी गुणाची चालतीय."

मग मी ती बॅटरी काढली. जुनी जोडणी पुन्हा केली, त्यांच्यासमोर चाकं दाबून धरली आणि रिमोट फिरवला. गाडीनं बिघडायला हवं होतं. गाडीची मूळची मोठी बॅटरी त्या दिवशी पूर्ण भरलेली होती म्हणून असेल, पण ती थरथरलीच नाही. मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. शेवटी अण्णांनी माझा हात धरला.

"कशापायी माझी समजूत घालतीस, पोरी? मी काय ल्हान हाय का?"

मी रडले. ते त्यांना माझं प्रेम वाटलं.

रिमोटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पण गाडी कपाटात ठेवू दिली नाही, म्हणून मी तिची वेगळी बॅटरी परत जोडून दिली. ढाब्यावरचे ड्रायव्हर संध्याकाळी मोकळे झाले की ती चालवायला यायचे. अण्णा मात्र रस्त्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे, काठीवर भार देऊन, मैदानाकडं तोंड आणि हायवेकडं पाठ करून. गाडी रस्त्याकडं वळली की काठी आडवी धरायचे.

"अण्णा, खुर्ची आणू का?" मी विचारायची.

"नको. बसल्यावर वेळंला उठता येत न्हाई."

मग मी टेबलावरचं काम तसंच टाकून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. पाठीमागून ट्रक गेले की दोघांच्या अंगावर धूळ यायची. एखादा ओळखीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आणि अण्णा मागं न बघता हात वर करायचे.