उंच चेंडूखालचा माधवअण्णा

माधवअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे बेंगळुरूत, यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडत होते. सकाळी त्याने दार उघडलं नाही म्हणून वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आत गेले, तर तो खुर्चीत बसल्या बसल्याच... हृदय थांबलं होतं. माधवअण्णा माझा मामेभाऊ. त्याला जाऊन आता दीड महिना झाला, तरी राजाजीनगरच्या घरी भेटायला येणारी माणसं अजून एकच प्रश्न विचारतात : "ते नक्की काय खेळायचे?" मला त्याचं हसू येतं, कारण हाच प्रश्न मी त्याला जन्मभर विचारत आले.

मामा गिरणीच्या यंत्रांतले जाणकार. उत्तर इंग्लंडातल्या एका गावात त्यांना नोकरी मिळाली तेव्हा माधवअण्णा जेमतेम सहा वर्षांचा होता. "शाळेतली पोरं मारायला मागे लागायची, म्हणून मी पळायला शिकलो," असं तो सांगायचा. पुढे त्याच पोरांनी त्याला आपल्या संघात ओढलं, आणि विशी गाठायच्या आत गावाच्या क्लबाने त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतलं. खेळ होता रग्बी लीग. मला रग्बी म्हणजे चिखलातली मारामारी एवढंच ठाऊक. तो परत आल्यावर एकदा मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, मला नीट समजावून सांग.

"तेरा-तेरा जण असतात गं बाई," तो म्हणाला. त्याचं मराठी मामीच्या स्वयंपाकघरात वाढलेलं, त्यामुळे धिप्पाड माणूस बोलायचा मात्र एखाद्या प्रेमळ काकूसारखा. "चेंडू घेऊन धावायचं. समोरच्यांनी धरून पाडलं, की उठून पुन्हा. सहाव्यांदा पाडलं, की चेंडू त्यांचा."

"मग तोवर काही जमलं नाही तर?"

"तर सहाव्यांदा पडायच्या आधीच लाथ मारून चेंडू उंच उडवतात. समोरचा संघ तसा उडवायचा, तेव्हा त्याखाली मी. मी कडेला खेळायचो ना. चेंडू आभाळात, आणि समोरून तिघं-चौघं माझ्याकडे धावत येतायत. त्यांच्याकडे बघायचं नाही. चेंडूकडेच बघायचं."

"आणि ते येऊन आदळले तर?"

"आदळतातच."

त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, समोरचे दोन दात खोटे होते. पण क्लबाच्या मैदानावर तो दहा-अकरा वर्षं त्या चेंडूखाली उभा राहिला, आणि तिशी उलटताना एका मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं. नेमका त्याच वर्षी तो सगळं सोडून मामीला घेऊन बेंगळुरूला परतला. मामा आदल्या वर्षी गेले होते. घरात गोष्ट ठरून गेली : मामीला माहेरच्या माणसांची ओढ लागली, आणि मुलाने आईसाठी खेळावर पाणी सोडलं. लग्नाकार्यात पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे, श्रावणबाळ म्हणायचे. अशा वेळी तो ताटातल्या भाताकडे बघत बसायचा. हे संकोचाचं बघणं नव्हे, एवढं मला कळायचं. मग कशाचं... ते कळत नव्हतं.

मामी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, ओसरीवर ताक पीत बसलो असताना मी सरळ विचारलं, "अण्णा, तुला कधी वाईट वाटलं का रे, खेळ सोडल्याचं?"

त्याने ताकाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "मी आईसाठी नाही सोडला. मला भीती वाटायला लागली होती."

एका सामन्यात चेंडू उंच गेला, तो खाली उभा राहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने क्षणभर खाली पाहिलं, धावत येणाऱ्या माणसांकडे. चेंडू हातातून निसटला. लोक म्हणाले, होतं असं कधी कधी. पण पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण खेळाडू हे बोलत नाहीत. त्यात त्या मोठ्या क्लबाचं बोलावणं आलेलं. तेवढ्यात एके दिवशी मामी म्हणाली, "माधवा, मला घरी ने." त्याला सुटल्यासारखं झालं.

"आणि तुला आयुष्यभर श्रावणबाळ म्हणत राहिले," मी म्हटलं.

"थांब स्वल्प. पुढचं ऐक." त्याने भांडं खाली ठेवलं. "आई आजारी होती ना शेवटी, तेव्हा मी तिला हे सगळं सांगायला बसलो. तिने ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, 'मला ठाऊक आहे. तुझी नजर ढळली ती मी बघितली.'"

मामी प्रत्येक सामन्याला जायची, साडीवर जाड कोट घालून. गर्दी चेंडूकडे बघायची, ती मुलाच्या डोळ्यांकडे. आणि माहेरची ओढ वगैरे काही नव्हतं, हेही तिने तेव्हाच त्याला सांगितलं. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती, तिथे तिच्या मैत्रिणी होत्या, संध्याकाळी त्यांच्यासोबत ती पत्ते खेळायची. तिला तिथेच राहायचं होतं. मुलाला मान खाली न घालता बाहेर पडता यावं म्हणून ती घर मोडून इकडे आली, आणि इथे ओट्यापाशी उभी राहून सगळ्यांकडून मुलाचं कौतुक ऐकत राहिली.

ही गोष्ट फक्त माझ्याकडे आहे असं मी धरून चालले होते. तेराव्याला काही मुली आल्या. माधवअण्णा रविवारी मेट्रोने के. आर. पुरमला जाऊन त्यांना खेळ शिकवायचा. त्यांतली कावेरी म्हणून एक मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "सरांची नजर ढळली होती, ते तुम्हाला माहीत होतं ना अक्का?" बाकीचं वाक्य कन्नड, पण 'ढळली' तेवढं चक्क मराठी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. पहिल्या दिवशी. प्रत्येक नव्या मुलीला सांगायचे."

मला थोडा हेवा वाटला, हे खरं. मग कुतूहल आवरेना, म्हणून परवाच्या रविवारी मी स्वतः त्या मैदानावर गेले. मुली सराव करत होत्या. एकीने चेंडू उंच उडवला, दुसरी खाली उभी राहिली, तिघी तिच्या दिशेने धावत सुटल्या. शेवटच्या क्षणी तिने मान खाली केली आणि चेंडू तिच्या खांद्यावर आपटून लांब गेला. ती मुलगी तमिळ, मराठीशी तिचा काही संबंध नाही. तिने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ढळली."

कुणी हसलं नाही, कुणी समजूत घातली नाही. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच कावेरी म्हणाली, आणि चेंडू पुन्हा आभाळात गेला.