साहेबांच्या नावाची गाळी

माझं शुद्धलेखन चुकेल. अक्षर तर वाकडं आहेच. चौथीनंतर पाटी सुटली आणि हातात विळा आला. या चुकांची माफी मागते. बाकी कशाची मागणार नाही.

"या बाईला मागे बसवा. दात बघा हिचे."

सरकारी चॅनेलच्या साहेबांनी हे माझ्यासमोर म्हटलं. माझ्याशी नाही, कॅमेरेवाल्याशी. मी तोंडावर पदर घेतला. मिश्री लावून दात काळे पडलेत, खरं आहे. आमच्या गल्लीत कितीतरी बायकांचे तसेच आहेत.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात ते लग्नाच्या गाण्यांचा कार्यक्रम करायला आले होते. नुसती करमणूक, असं सरपंच नानांनी सांगितलं होतं. मांडवात पुढे देवपूरची एक कॉलेजातली मुलगी नटवून बसवली. ती फक्त ओठ हलवणार. गाणार मी. गोठ्याच्या आडून, म्हशीशेजारी बसून.

"आवाज छान आहे हो तुमचा," साहेब मग मला म्हणाले. "चेहऱ्याचं आम्ही बघून घेऊ."

चार माणसांत मला बोलताच येत नाही. दुकानातून साखर आणायची तरी मुलीला पाठवते. पण लग्नात गाळी मीच गाते. गाळी म्हणजे गाण्यातून केलेली थट्टा. व्याही मांडवात आले की आम्ही बायका त्यांचं नाव घेऊन गातो. त्यांची मिशी, त्यांचा कंजूषपणा, सगळं काढतो. ज्याचं नाव येतं त्याने हसायचं, रागवायचं नाही. एरवी ज्यांच्यासमोर मान वर करत नाही, त्यांना तेवढ्या वेळात सगळं सुनावता येतं. अशी रीत आहे.

साहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांना अहिराणी कळत नव्हती. नमुना म्हणून मी एक गाळी गायले, बायका खदाखदा हसल्या, आणि साहेबांना वाटलं हे पाहुण्यांच्या मानाचं गाणं.

"हीच चाल ठेवा," ते म्हणाले. "उद्या मंत्रीसाहेब येणार आहेत. त्यांचं नाव यातच घाला."

त्यांनी एक कागद दिला. मंत्रीसाहेबांनी घरोघरी पाणी आणलं, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, असं त्यावर होतं. मी एकेक अक्षर लावून वाचू लागले. ती मुलगी फिसकन हसली.

"अहो, वाचत काय बसलात? पोपटासारखं पाठ करा," साहेब म्हणाले.

मांडवाशेजारीच नवा नळ होता. त्याला झेंडूचं तोरण बांधलं होतं. त्या नळाला कधी पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी टँकर मागे उभा करून त्याची नळी आत जोडली होती. कॅमेऱ्यात टँकर दिसत नव्हता.

मी पाठ केलं. सरावात गायलेसुद्धा. साहेब खूश झाले. पण गोठ्यातून बाहेर आले तर शेजारची शेवंता अक्का रिकामा हंडा घेऊन उभी.

"तुना गानामा पानी ऊनं व पोरी. आमना हांडामा कव्हय ई?"

आमच्या हंड्यात कधी येणार, हे ऐकून सगळ्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. दात झाकले तेव्हा लाज वाटली होती. आता राग आला. चेहरा माझा चालत नाही. शब्द माझे चालत नाहीत. मग गळा तरी माझा का वापरायचा?

दुसऱ्या दिवशी मंत्रीसाहेब पुढच्या खुर्चीवर बसले. कॅमेरे लागले. मुलगी ओठ रंगवून तयार. आणि मी गोठ्यातून उठून सरळ मांडवात आले. पदर तोंडावरून काढला.

याही आमना मोठा व माय, ऊनात कितला थाटमा,
नळले बांधं तोरण व माय, पानी नही माठमा!

थाटात आलेला व्याही म्हणजे मंत्रीसाहेब; पुढे त्यांचं नावही घेतलं. बायकांनी ओळ उचलली. शेवंता अक्का तर हंडाच वाजवू लागली. मुलीचे ओठ उघडे ते उघडेच. आणि चॅनेलचे साहेब टाळ्या वाजवत होते! चाल तीच, नाव तेच, त्यांना सगळं नीट चाललंय असं वाटलं.

मंत्रीसाहेबांना मात्र कळलं. ते पाचोऱ्याकडचे. त्यांच्या आईनेही कुणाच्या तरी मांडवात गाळी गायल्या असतील. ते हसले. हसावंच लागतं. डोळे हसत नव्हते.

"कोणी लिही दिनं हाई?" त्यांनी विचारलं.

"कोनी नही, साहेब. नळ देखीसन म्हनं."

हे मी बोलले. मी.

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही घरात सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. ती मुलगी ओठ हलवत होती. आवाज भलत्याच बाईचा. नळाला धो धो पाणी. मी कुठेच नव्हते.

मग नाना घरी आले. चॅनेलवाले मला आगाऊ दिलेलं मानधन परत मागत होते. त्यातले निम्मे पैसे घरावर पत्रे घालण्यात गेले होते.

"मोठा मानूसना वाटे कसाले जास व?" नाना म्हणाले. "त्या परत येवाव शेतस. एकडाव कागदवरलं गाई टाक. पैसा बी राहतीन."

घरातली माणसंही तेच म्हणाली. चॅनेलवाले परत येतील तेव्हा एकदा गाऊन टाक, काय बिघडतं? मी म्हटलं, "नही."

उरलेले पैसे तेव्हाच नानांच्या हातात दिले. बाकीच्या पैशांसाठी हंगामभर लोकांच्या शेतात कापूस वेचला. बोटं बोंडांनी फाटली. वाटेत कुणी विचारायचं, काय गायिकाबाई? मी वेचत राहिले.

आज शेवटचे पैसे दिले. नाना ओट्यावर चार माणसांत बसले होते. त्या चौघांसमोरच दिले.

"बठ्ठा शेतस, नाना. मोजी ल्या."

त्यांनी मोजले. सगळे फिटले. आता या गळ्यावर सरकारचं काही देणं नाही. यातून निघेल ते माझंच असेल.