पिशवी काढायचं वय

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या शाळेत पालकसभा दिवाळीच्या आत उरकावी लागते. दिवाळी झाली की कोयता बाहेर पडतो. ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला आमच्याकडे कोयताच म्हणतात. मग सभेला बोलावणार कुणाला? म्हणून गाड्या निघायच्या आधी एका शनिवारी आयांना बोलवायचं आणि पोरांनी वर्गात काय शिकलं ते त्यांच्यापुढं उभं राहून सांगायचं, असा पायंडा मीच पाडला. पाठ केलेलं चालत नाही. पोपटपंची ऐकली की माझं डोकं फिरतं, हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे.

त्या शनिवारी आठवीतली माझी सगळ्यात हुशार मुलगी उठली. मी आधीच खुशीत. तिची आई मागच्या ओळीत बसलेली, धाकटी चुलती तिला खेटून. मुलीनं फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली, नावं दिली, बाळ तिथं कसं वाढतं ते न लाजता सांगितलं. शहरातल्या पोरींनाही जमलं नसतं. मग म्हणाली, "ही पिशवी बाईच्या पोटात दोन-तीन लेकरं होईस्तोवर असती. मंग काढून टाकतेत. दुधाचे दात पडतेत ना, तसंच. तिचं काम संपलेलं असतं. माझ्या आईची सोमवारी काढणार हायेत."

आता वर्ग हसेल असं मला वाटलं. कुणीच हसलं नाही. पोरं माना डोलावत होती आणि आया कौतुकानं बघत होत्या. एकीनं तर टाळी वाजवली. हा धडा मीच शिकवला होता, आणि जे मी सांगितलं नव्हतं ते तिनं घरातलं बघून भरून काढलं होतं.

"हे कुणी सांगितलं तुला?" माझा आवाज चढला.

"सांगायचं काय, मॅडम? घरात सगळ्यांचीच काढलेली हाय की." ती बिचारी गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

मी थेट आईपाशी गेले. "ताई, तुम्हाला होतंय तरी काय?"

"ओटीपोट दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय. फडात दुखणं निघालं की खाडा पडतो, मुकादम लई बोलतो. एकदा काढली की कटकट मिटली."

"गोळ्या घेऊन बघितल्या?"

"गोळ्या काहून घ्यायच्या? डॉक्टरच म्हणला, काढून टाका."

माझा संताप झाला. त्या डॉक्टरचा, मुकादमाचा, माझ्या त्या दहा मार्कांच्या धड्याचाही. सगळ्यांसमोर मी तडातडा बोलले, की पिशवीचं काम असं संपत नसतं, एवढ्या कमी वयात काढली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, कंबर धरते, अंगाची आग होते. आधी सरकारी दवाखान्यात दाखवू, मी येते बरोबर. हे बोलताना शेजारी कोण बसलंय, याचं मला भान राहिलं नाही.

"कंबर म्हणलात का तुमी?" चुलती म्हणाली. तिचा एक हात पाठीमागं कमरेवर होता. "मला वाटलं, मोळ्या वाहून गेली."

चुलती जावेकडं वळली. "सोमवारी तू जायचं न्हाई. कोण नेतंय तेच बघते मी." आईनं लेकीला जवळ ओढलं आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

सभा संपली, बाया गेल्या. चुलती तेवढी मागं राहिली. फळ्याजवळ येऊन ती त्या आकृतीकडं बघत राहिली. मग हळू आवाजात मला म्हणाली, "मॅडम, माझी परत बसवता येती का?"

तिला अजून तिसावंही लागलेलं नव्हतं. मी नाही म्हणाले.