थांबलेले हात

कंपवातानं आईचे हात सतत हलायचे. ती भावाकडे, नरडाण्याजवळच्या गावात राहायची आणि मी नोकरीपायी जळगावला. एकदा गेले तेव्हा ती म्हणाली, "मना एक चांगला फोटो काढ, माय. पन त्यामा मना हात हालता दिसाले नको."

भावानं मोबाइलवर काढून पाहिले होते. खोलीत उजेड कमी, त्यामुळे हातांच्या जागी नुसता धूर. फ्लॅश मारला की ती दचकायची, मग थरथर आणखी वाढायची. अंगणात बसायला ती तयार नव्हती. गल्लीतल्या बाया हातांकडेच बघतात, म्हणायची.

माझ्याकडे कॉलेजपासूनचा रोलचा कॅमेरा आहे. त्यात शंभर स्पीडचा कृष्णधवल रोल होता. तिला खिडकीशी बसवलं आणि तोच वापरला. चेहरा इतका स्वच्छ आला की हनुवटीवरच्या गोंदणाचा ठिपका न् ठिपका दिसत होता. पण मंद रोलला उजेड जास्त वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात हात विरघळून गेले होते. आईनं फोटो पालथा ठेवला.

मग मी मुंबईहून बत्तीसशे स्पीडचा रोल मागवला. हा अंधुक उजेडातही पापणी लवायच्या आत चित्र पकडतो. पण त्याचे कण जाड, नाजूक रेघा त्यात बुडून जातात. मला ते ठाऊक होतं. तिला हात हवे होते, म्हणून तोच घातला आणि तिला पुन्हा खिडकीशी बसवलं.

जळगावला येऊन न्हाणीघरात रोल धुतला, प्रिंट काढून आणली आणि पुढच्या सुटीत तिच्या हातात दिली.

फोटोत हात स्थिर होते. मांडीवर एकावर एक, बोटं सैल. कापूस वेचून आल्यावर ओट्यावर टेकायची, तेव्हा असायचे तसे. आई त्या बोटांवरून आपलं थरथरतं बोट फिरवत राहिली. मग तिनं प्रिंट डोळ्यांजवळ नेली.

"मनं गोंदन कोठे गयं?"

हनुवटीवर वाळू सांडावी तसे कण पसरले होते. त्यातला गोंदणाचा ठिपका कुठला, मलाही सांगता येईना. लहानपणी तिच्या आईनं मांडीवर धरून ते गोंदवून घेतलं होतं. मी तिला दोन्ही रोलमधला फरक समजावला.

"बठ्ठं एकच फोटोमा येत नही का?"

"नाही गं, आई. सगळं एकात नाही येत."



दिवाळीनंतर ती गेली. भावानं भिंतीसाठी पहिला फोटो निवडला. फ्रेमवाल्यानं तो खालून कापला, हातांच्या वर. दुसऱ्या फोटोत आई ओळखूच येत नाही, असं भावाचं म्हणणं. मी वाद घातला नाही. मलाही तसंच वाटत होतं. तो दुसरा फोटो मी जळगावला घेऊन आले. कधी कपाटातून काढते, तळव्यानं चेहरा झाकते आणि हात पाहत बसते.