भालदाराची मिशी

वडिलांना चेहरा एकच काढता येत असे, स्वतःचा. लग्नघराच्या दारावर गणपती, चोचीत कैरी धरलेले पोपट, लक्ष्मी यावी म्हणून सोंड उचललेला हत्ती, वंश वाढावा म्हणून केळीचे खुंट, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं. पण दाराच्या दोन अंगांना भालदार आणि चोपदार उभे करायची वेळ आली की ते भिंतीत खिळा ठोकून दाढीचा आरसा अडकवायचे आणि त्यात बघून दोघांनाही आपलंच तोंड द्यायचे. वडील मिशी ठेवत नसत. त्यामुळे घोडनदीकाठच्या आमच्या तीन-चार गावांतले सगळे पहारेकरी बिनमिशीचे होते. बाहेरगावचे वऱ्हाडी हसत. गावाला सवय झाली होती.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या आबांच्या नातवाचं लग्न होतं. नवरी दौंडची. वडिलांनी दारावरचं सगळं उरकून डावीकडचा भालदार पुरा केला. डोळे ते शेवटी काढत. डोळे उघडले की चित्र बघायला लागतं, मग ते पुसायचं नसतं, असा त्यांचा नियम होता. भालदाराचे डोळे काढले, उजवीकडच्या चोपदाराची नुसती कोळशाने रेघ मारली आणि जेवायला म्हणून ते घरी आले. पान वाढून होईपर्यंत ते गेले होते.

तिसऱ्या दिवशी आबा आले. आम्हाला सुतक म्हणून रस्त्यावरच उभे राहिले.

"तुझा बाप आमच्या दारात उभा हाय रं."

"आबा, चित्र आहे ते."

"चित्र हाय, पर त्याचं हाय. दौंडची सून माप वलांडणार, आन् बाजूला परवा जाळलेला माणूस भाला घिऊन. तू शिकलेला हायस, तूच सांग, बरं दिसतं का?"

"बाकीच्यांच्या दारांवरही आहेत की ते."

"त्यांची लग्नं झाली. आमचं व्हायचंय. चुना फासावा म्हणलं, तर आमची म्हातारी आडवी येती. डोळं उघडल्याला फासायचं न्हाई म्हणती. तुझ्या बापानंच सांगून ठिवलंय. पर पाव्हण्यांनी काय इचारलं तर मी फासणार बघ."

घरात वडिलांचा धड फोटो नव्हता. जुन्या भिंतींवरचे चेहरे पोपडे धरून गळत आले होते. स्पष्ट म्हणावा असा तो एवढाच राहिला होता.

"मग त्याला मिशी लावा," मी म्हणालो. हे कसं सुचलं ते आजही सांगता येणार नाही. "मिशी लावली की ते वडील राहत नाहीत."

आबांनी यावर गंभीरपणे विचार केला.

"बारीक का झुपकेदार?"

"झुपकेदार."

"व्हय. वळखू नाय आला म्हंजी झालं."

सुतक्याने लग्नाच्या भिंतीला हात लावायचा नसतो, म्हणून शिक्रापूरहून ट्रकांच्या पाठी रंगवणारा एक पेंटर बोलावला. तो नेमका दहाव्याच्या दिवशी आला. त्या सकाळी घाटावर न्हाव्याने डोक्याबरोबर माझी मिशीही उतरवली होती. परत येताना गल्लीत बघतो तर माझी गेलेली मिशी दसपट होऊन वडिलांना आली होती. दोन्ही टोकं थेट कानांना टेकलेली. तेरावा व्हायचा होता, तेव्हा आबांचा ओटा मला वर्ज्य. मी समोरच्या पिठाच्या गिरणीच्या सावलीला उभा राहिलो.

पेंटर चोपदाराच्या रेघेपुढे अडला होता.

"मला हिरो येतो, वाघ येतो, घागरवाली बाई येते," तो आबांना सांगत होता. "हे असलं साधं तोंड कुठून आणू?"

तो वळला आणि त्याला मी दिसलो, मुंडण झाकायला डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"ओ भाऊ, हलू नका. तिथंच ऱ्हावा."

मी तासभर उभा होतो. दळण घेऊन आलेल्या बाया माझ्याकडे बघत, मग भिंतीकडे बघत.

"जरा हसा की," पेंटर मधेच ओरडला.

"आज बापाचा दहावा हाय त्याच्या," आबा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या."

पंच्याचा फेटा झाला, अंगात लाल अंगरखा आला, हातात दंड आला. सगळ्यात शेवटी त्याने डोळे काढले आणि बाजूला झाला. दारात वडील उभे होते. बिनमिशीचे, तसेच किंचित कंटाळलेले.

आबा ओट्यावरून उतरून रस्त्यात आले. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. आता हे चुना मागवणार, असं मला वाटलं.

"हा तू हायस," आबा म्हणाले.

"होय आबा."

"मग हरकत न्हाई. जित्या माणसाचं काय."

लग्न पार पडलं. दौंडच्या पाहुण्यांनी भालदाराच्या मिशीचं कौतुक केलं, असं गिरणीवर ऐकलं. मांडव सुटल्यावर चार दिवसांनी आई पहिल्यांदा घराबाहेर पडली, दळण आणायला. मी बरोबर होतो. आबांच्या दारासमोर तिला थांबवलं आणि उजवीकडे बोट दाखवलं.

तिने तिकडे एकदा बघितलं. मग तिची नजर डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. पदर नीट करून ती भालदाराला निरखत होती.

"सारखी मागं लागले व्हते, मिशी ठिवा म्हणून," ती म्हणाली. "कवा ऐकलं न्हाई. बघ आता, किती चांगली दिसती."