कढईत हरवलेला मासा

गेल्या जानेवारीत एका रविवारी दुपारी आदर्श नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात खोल समुद्रातल्या माशाची एक तुकडी तळायला टाकली. बेसनाचं कवच फुगून वर आलं. आत मासा नव्हता.

त्या तुकडीवर माझ्या वडिलांचा जयपुरातला मुक्काम अवलंबून होता.

बाबा अलिबागकडचे कोळी. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मासळीचं सर्वेक्षण करणाऱ्या सरकारी जहाजावर काढली. काम विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर. पोलादी दोराला लावलेलं जाळं, जिथे सूर्याचा उजेड पोचत नाही तिथवर सोडायचं आणि परत वर ओढायचं. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले. माझ्या नवऱ्याची नोकरी इथल्या एका आयटी कंपनीत आहे, आणि मी मुंबईतल्या वृत्तपत्राची कॉपी घरून तपासते. दिवसभर बाबांशी बोलायला घरात कोणी मोकळं नसे. त्यांनी स्वतःच कॉलनीच्या बागेतला एक बाक शोधून काढला.

त्या बाकावर सकाळी बहुतेक पंजाबी म्हातारे बसतात. त्यांच्यातले एक चौमूं रोडवर ढाबा चालवायचे. सगळे त्यांना पापाजी म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना ‘कप्तान साब’ करून टाकलं.

“मैं कप्तान नहीं था,” बाबा म्हणाले.

“तो क्या हुआ? मैं यहाँ किसका पापा हूँ?”

डिसेंबरपर्यंत बाक उत्तम चालला. मग एकदा बाबांनी खोल पाण्यातल्या मासळीची गोष्ट काढली. जाळं वर येतं तेव्हा दाब एकदम उतरतो, म्हणून काही माशांचे डोळे खोबणीबाहेर येतात, पोट उलटं होऊन तोंडातून लोंबतं. काहींच्या पोटाखाली शर्टाच्या गुंड्यांसारखे दिवे असतात. एकाचं तोंड त्याच्या धडापेक्षा मोठं. इथवर बाकानं ऐकून घेतलं. पण पुढे बाबा म्हणाले की एकदा जहाजावरच्या खानसाम्यानं असा एक काळा मासा तळायला घेतला आणि तो कढईत विरघळून गेला.

डोळे, दिवे, उलटं पोट, सगळं पापाजींनी मान्य केलं होतं. तळणीच्या गोष्टीवर मात्र ते उठून उभे राहिले.

“कप्तान साब, सारी उमर मच्छी तली है मैंने। जली है, टूटी है, कुत्ता भी ले गया है। पिघली कभी नहीं। मच्छी थी कि कुल्फी?”

बाक हसला. त्यानंतर बाबा बागेत दिसले की कोणीतरी ‘कुल्फी’ म्हणायचं. माझ्या आत्येभावाने केरळच्या बाजूला खोल पाण्यातल्या कोळंबीच्या ट्रॉलरवरून तसल्याच माशाचा फोटो पाठवला. बाबांनी तो बाकावर दाखवला. पापाजी म्हणाले, आजकाल फोटो काय, फोनवर हत्तीलाही पंख लावून मिळतात.

बाबांनी बाग सोडली. ते गॅलरीत बसून समोरच्या गच्चीवरचे पतंग बघू लागले. आठवड्याभराने मला म्हणाले, “माझं मुंबईचं तिकीट काढ. अलिबागला जातो. तिथं निदान मला खोटारडा म्हणणारे मासे खाऊन म्हणतात.”

मी बुधवारचं तिकीट काढलं आणि आत्येभावाला फोन केला. फोटो चालत नसेल तर मासाच हवा होता. तो सुट्टीवर घरी यायचा होता. तसला एक मासा बर्फात घालून आणतो म्हणाला. माझा नवरा त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने मुंबईत होता. शनिवारी तो आत्याकडून थर्माकोलचा खोका घेऊन जयपूरला उतरला.

खोका बाबांनी उघडला. आत प्लास्टिकच्या पिशवीत, हळद-मीठ लावलेल्या, एकसारख्या कापलेल्या तुकड्या होत्या. डोळे नव्हते, तोंड नव्हतं, दिवे नव्हते. कोणत्याही बाजारातल्या कोणत्याही माशाच्या तुकड्या.

मी आत्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“आत्या, मासा अख्खा हवा होता!”

“अगो, लेकीच्या घरी मासा काय डोल्यांसकट पाठवायचा? लोक काय म्हनतील? खवलं काढली, पोट साफ केलं, हलद लावली.”

“आणि डोकं?”

“मुंडकं मांजरीला टाकलं. ती बघून पलाली.”

आमच्याकडे सासरी दिलेल्या लेकीला मासळी साफ करूनच धाडतात. बाबांना बहिणीला दोष देता येईना. त्यांनी पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आणि बॅग भरायला घेतली.

रविवारी सकाळी बागेच्या फाटकाशी पापाजी भेटले. “कप्तान साब बीमार हैं?” त्यांनी विचारलं. मी मासा आल्याचं सांगितलं, आणि तो कसा आला तेही. त्यांनी आत्याची बाजू घेतली. मच्छी अशीच पाठवायची असते, ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “बेसन है घर में? अजवाइन?”

बारा वाजता ते आमच्या ओट्यापाशी उभे होते. बाह्या वर केलेल्या, टोपी काढून खिडकीत ठेवलेली. बाबा दारात.

“दाबून घेऊ का?” मी विचारलं. बोंबील आम्ही तळण्याआधी पाट्याखाली ठेवून त्याचं पाणी काढतो.

“नको. मग म्हणतील दाबून दाबून घालवला,” बाबा म्हणाले.

पापाजींनी तुकडी बोटानं दाबून पाहिली, तिचा वास घेतला, पिठात घोळवून तेलात सोडली. तेल जोरात तडतडलं. ते एक पाऊल मागे सरले. तुकडी उलटली, आच कमी केली, पुन्हा उलटली. सोनेरी झाल्यावर झाऱ्याने काढून ताटलीत ठेवली आणि मधोमध मोडली.

आत एक काटा होता आणि चमचाभर चिकट पाणी.

पापाजींनी दुसरी तुकडी सोडली. स्वतःच्या पद्धतीनं, दुप्पट पीठ लावून. तीही पोकळ निघाली. तिसरीच्या वेळी त्यांनी गॅसकडे संशयाने पाहिलं, मग कढईकडे, मग माझ्याकडे.

“गया कहाँ?” ते म्हणाले.

“खानसामा भी यही पूछता था,” बाबा म्हणाले.

मग दोघे हसायला लागले. पापाजींना ओट्याला धरावं लागलं. त्यांनी एक रिकामं कवच खाऊन पाहिलं आणि बेसन मात्र चांगलं झाल्याचा निर्वाळा दिला. उरलेल्या तुकड्या त्यांनी तळू दिल्या नाहीत. बाकासमोर तळायच्या आहेत, म्हणाले, नाहीतर उद्या मलाच कुल्फीवाला म्हणतील.

सोमवारी सकाळी बाबा कानटोपी घालून, उरलेल्या तुकड्या स्टीलच्या डब्यात घेऊन बागेत गेले. पापाजींनी घरून छोटा गॅस आणि कढई आणली होती. दहाच्या सुमारास बाबा परत आले आणि बुधवारचं तिकीट रद्द करायला सांगितलं. मी ते लगेच रद्द केलं. डबा पापाजींकडे राहिला. तो अजून परत आलेला नाही.